फुकट मिळालेल्या वस्तूवर हुकूम चालतो काय?

परभणी, जिंतूर, गंगाखेड येथे खिशोखिशी असलेला अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे. हा गाभा कोणीही फुकट घ्यावा, सुधारावा असा आहे. अशी कितीतरी सॉफ्टवेअरे माणसे बिनपगारी सांभाळतात. तरीही नवी आवृत्ती लांबली की वापरणारा डाफरतो.

फिनलंडचे लासे कोलिन 'एक्सझेड युटिल्स' हे लिनक्समध्ये सर्रास लागणारे सॉफ्टवेअर सांभाळीत. २०२२ साली काहींनी उशिराबद्दल त्यांना सतत टोचले. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही, हे विनावेतन छंदाचे काम आहे, असे त्यांनी सांगितले. रेटा थांबला नाही. पुढे मदतीस आलेल्या एका अज्ञाताच्या हाती अधिकार गेले आणि २०२४ साली त्याने नव्या आवृत्तीत चोरवाट घातली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला, म्हणून २९ मार्चला ती उघडकीस आली.

टोचणारे त्याच कटातले असावेत, असा संशय आहे. मग ते ओळखू का आले नाहीत? कारण प्रामाणिक वापरणारेही तसेच बोलतात!

दोष जरूर कळवावा, भाषांतर करावे, पैसा द्यावा. श्रमात वाटा न उचलता हुकूम सोडणे ही वेठ होय. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. ती आपण दुसऱ्यावर लादू नये.