वाचल्यानंतरचं जगणं

‘जीव वाचला ना? मग आणखी काय पाहिजे?’ मोठ्या आजारातून उठलेल्या मुलाच्या आईला आपण बायकाच असं म्हणतो. म्हणण्यात माया असते, पण त्यापुढे त्या माउलीला काही बोलायची सोय राहत नाही.

थॅलेसेमियाचंच घ्या. मेजर प्रकार असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठतं. ते काढायला पुन्हा औषधं. यातून सोडवणारा उपाय म्हणजे मूळपेशींचं प्रत्यारोपण. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून ते होतं आहे. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं की समाज पुढे येतो, वर्गणी होते, देवाला नवस होतात.

आणि नंतर? त्या आधीच्या जबर औषधांनी केस जातात. महिनोन्‌महिने वेगळी खोली, बुडालेली शाळा, लहानपणी टोचलेल्या लसी पुन्हा पहिल्यापासून. काहींच्या बाबतीत दात्याच्या पेशीच मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर उलटतात. वाढ खुंटू शकते, पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते.

अशा मुलांचं जगणं कसं चाललंय हे पाहायला डॉक्टर एक प्रश्नावली वापरतात. तिचं नाव पेड्सक्यूएल. तेवीस प्रश्न: शरीर, मन, मित्रमैत्रिणी आणि शाळा. गंमत म्हणजे तिचे दोन कागद असतात. एक आईबापांनी भरायचा, दुसरा मुलाला विचारून. अगदी पाच वर्षांच्या पोरालाही विचारतात. आणि पुष्कळदा दोन्ही कागदांचा मेळ बसत नाही!

मग खरं कुणाचं? मला वाटतं, खोटं कुणीच बोलत नाही. आई गेल्या वर्षीच्या भीतीतून बोलते, मूल आज खेळायला मिळालं की नाही यावरून. पहिल्या वर्षात आईची भीती रास्तच आहे. साध्या सर्दीनंही घात होऊ शकतो, तेव्हा मूल रडलं तरी दार लावलंच पाहिजे. पण डॉक्टरांनी बंधनं उठवली तरी घरातली बंधनं उठत नाहीत. सहलीला नको, पळू नको, उन्हात नको. आता जपणं चाललंय ते मुलासाठी, की आपल्या जिवाला घोर नको म्हणून? हे ज्या त्या आईनं स्वतःला विचारावं.

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गाठ असते. ‘कुणाला सांगू नका, उद्या लग्न व्हायचंय.’ पुष्कळदा त्या मुलीलाच काही सांगितलेलं नसतं. पण रक्त बदललं म्हणून बीज बदलत नाही. प्रत्यारोपणानंतरही तिच्या होणाऱ्या मुलांना तो दोष जाऊ शकतो. म्हणून नवऱ्या मुलाची रक्ततपासणी व्हायलाच हवी. आपल्यासारख्या आपसांतच सोयरिकी करणाऱ्या लहान समाजात तर जास्तच. लपवलं तर तेच दुखणं पुढच्या घरात पाठवल्यासारखं होतं. शरीर तिचं आहे. कळत्या वयात तिला सगळं कळलं पाहिजे, आणि कुणाला, कधी सांगायचं हेही तिनंच ठरवलं पाहिजे.

ज्या भावंडानं मज्जा दिली, त्याचंही एक पाहा. लहान वयात त्याला कुणी विचारलेलं नसतं. वर्षभर आई दवाखान्यात, ते आजीकडे. त्याची आठवण फक्त ‘याच्यामुळे वाचली’ एवढं सांगायला नको.

जीव वाचवणं हे मोठं पुण्य, यात वाद नाही. पण वर्गणी दिली म्हणून ते मूल आयुष्यभर आपल्या दयेचा विषय होत नाही. ‘बिचारी’ म्हणत गालावरून हात फिरवण्यापेक्षा तिला विचारा, शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं? आणि ती सांगेल तेवढा वेळ ऐकून घ्या.