दोन खाटा, एक टाका

नागपूरच्या दवाखान्यात मामाच्या शेजारच्या खाटेवर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. दोघांच्याही खालच्या जबड्याचा तुकडा कापलेला. दोघांच्याही पायातलं फिब्युला हे बारीक हाड काढून तिथे बसवलेलं. मुलाला अमेलोब्लास्टोमा होता, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींतून वाढणारी गाठ. ती सहसा अंगभर पसरत नाही, पण जबडा पोखरते. नुसती खरवडली तर परत येऊ शकते, म्हणून भोवतालच्या चांगल्या हाडासकट काढतात. मामाला कॅन्सर होता. तीस वर्षं खर्रा.

मोर्शीहून भेटायला येणारे त्या मुलाकडे पाहून हळहळायचे. मग मामाला म्हणायचे, "खर्रा खाल्ला भाऊ, मंग भोगा तं लागनच."

मला राग यायचा, पण वाक्य खोडता यायचं नाही. खर्र्याने कॅन्सर होतो हे खरंच आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवलंय. मग कारण मान्य केलं की दोषही मान्य करायचा?

आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की चूक कोणाची हे विचारत नाहीत, ती होऊ कशी शकली हे विचारतात. मी तेच विचारून पाहिलं. लहानपणी मामासाठी टपरीवरून खर्रा मीच आणायचो. पन्नीत घोटून मिळायचा, उरलेल्या पैशांच्या गोळ्या माझ्या. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, आमच्या चौकातलं घोटणं काही थांबलं नाही.

म्हणून मामा निर्दोष ठरत नाही. तोही तसं म्हणत नाही. पण दोष मोजून झाल्यावर त्याच मापाने माया द्यायची का?

फिब्युलावर शरीराचा भार फारसा नसतो, म्हणून घोट्याजवळचा भाग राखून मधलं हाड घेता येतं. ते कापून जबड्याचा बाक देतात, टायटॅनियमच्या पट्टीने जोडतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली शिवतात. रक्त वाहिलं तरच हाड जगतं. तो टाका दोन्ही खाटांवर सारख्याच काळजीने घातला होता. खर्रा सोडायला डॉक्टरांनी मामाला बजावलं, तेही टाका नीट घालून झाल्यावर.

कारण शोधायचं ते पुढचा माणूस वाचावा म्हणून. समोरच्याला किती जवळ घ्यायचं, हे त्यावरून ठरू नये.

परवा घरी कोणीतरी पुन्हा तेच म्हणालं. मी म्हटलं, "काका, आणून मीच देत होतो. मलेही बोला."

मामा पातळ पेज पीत होता. वाटी खाली ठेवून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.