दिलेले घर कुणाचे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. हा आकडा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. त्या रात्री एवढेच कळत होते की वाकोला नाला आपली वाट सोडून आमच्या गल्ल्यांत शिरला आहे. पाणी ओसरल्यावर जे दिसले ते येथे पुन्हा सांगत नाही. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाकडे त्या दिवसाची आपापली आठवण आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्यानंतर आमच्या हातून काय घडले याबद्दल.

मोहल्ल्यातले आम्ही दहा-बाराजण एकत्र आलो. त्यात शिक्षक होते, रिक्षावाले होते, कॉलेजात शिकणारी दोन मुले होती आणि एक गवंडी होता. पहिले काही दिवस खिचडी, चादरी आणि औषधे वाटण्यात गेले. मग पडलेल्या भिंती आणि उडालेले पत्रे यांचा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरमध्ये आला. लोक जकात काढतातच, तेव्हा ती या कामाला मिळावी असे आम्ही सांगत फिरलो आणि पैसे जमले. विटा, सिमेंट, पत्रे आणले. गवंडीकाम जाणणारा एकच होता, बाकीच्यांनी घमेली उचलायची असे ठरले.

कामाला लागण्याआधी आम्ही एक यादी केली. कोण गरजू, कोण नाही. रेशनकार्ड पाहिले, घरात कमावते किती ते विचारले. आज मागे वळून पाहताना त्या यादीची लाज वाटते. या शहरातील झोपडपट्टीवासीयाला ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द चांगले ठाऊक आहेत. ठरावीक तारखेआधीचा पुरावा असेल तो पात्र, नसेल तो अपात्र. सरकारी कारकुनाच्या हातातील हा शिक्का आम्ही कधी आपल्या हातात घेतला, हे आमचे आम्हालाच समजले नाही.

नाल्याच्या बाजूला एक विधवा बाई राहत असे. मूळची परभणीकडची, चार घरची धुणीभांडी करणारी. आम्ही तिला खाला म्हणत असू. तिच्या खोलीची मागची भिंत बसली होती. आम्ही काम सुरू केले आणि तिला म्हटले, ‘खाला, तुम्ही बसा, आम्ही करतो.’ ती म्हणाली, ‘बाबांनो, घर माझं आणि मी बघत बसू?’ तिने ओढणी कमरेला खोचली आणि घमेले उचलले. संध्याकाळपर्यंत ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीचे काम निघाले, तेव्हा ती न बोलावता तिथेही आली.

आम्हाला त्याचे कौतुक वाटले. पण कौतुकापलीकडे जाऊन तिचे म्हणणे समजून घ्यायला आम्हाला बराच काळ लागला. पुढच्या उन्हाळ्यात खोलीच्या मालकाने भाडे वाढवले. खोली आता पक्की झाली होती, पत्रा नवा होता. खालाला ते भाडे परवडेना. ती मुंब्र्याला गेली. तिच्या जागी जास्त पैसे देणारे दुसरे कुटुंब आले. ती भाडोत्री आहे हे आमच्या यादीत लिहिलेले होते. त्याचा अर्थ काय होतो, हा विचार मात्र कुणी केला नव्हता.

हनफी फिकहमध्ये ‘तमलीक’ म्हणून एक संज्ञा आहे. जकात देणे म्हणजे केवळ पैसे खर्च करणे नव्हे, तर दिलेल्या वस्तूची मालकी गरजूच्या हातात गेली पाहिजे, असा तिचा अर्थ. म्हणूनच मशीद बांधण्यासाठी जकात वापरता येत नाही, असे बहुतेक उलेमा सांगत आले आहेत. मशिदीची मालकी कुणा एका गरिबाकडे जात नाही. हा नियम आम्ही लहानपणापासून ऐकत होतो आणि तो आम्हाला कोरडा, किताबी वाटत असे. खाला गेली तेव्हा तो नियम आमच्यासमोर जिवंत उभा राहिला. आम्ही भिंत बांधली, पण ती दिली कुणाला? घाम तिने गाळला, पैसे गरिबांच्या हक्काचे होते आणि मालमत्ता वाढली ती मालकाची. आमच्या हेतूत खोट नव्हती. तरीही देणे पुरे झाले नव्हते.

घर बांधून देणाऱ्या प्रत्येक चळवळीपुढे हाच नैतिक प्रश्न उभा असतो, असे आम्हाला वाटते. अमेरिकेत मिलार्ड फुलर नावाच्या एका श्रीमंत वकिलाने आपली संपत्ती सोडून १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था काढली. या संस्थेचे स्वयंसेवक घर बांधू लागतात, पण घर फुकट देत नाहीत. ज्याचे घर आहे त्या कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरासाठी शेकडो तास श्रम करायचे, बांधकामाचा खर्च हप्त्यांनी फेडायचा आणि त्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाची घरे उभी राहायची, अशी ही रीत. गरिबाकडून व्याज आणि नफा घ्यायचा नाही, हे तत्त्व फुलर यांनी बायबलमधून घेतले. आपल्याकडे ज्याला कर्जे-हसना म्हणतात, त्याचेच हे भावंड. १९८३ पासून ही संस्था भारतात काम करते. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि देशोदेशीच्या स्वयंसेवकांसह शंभर घरांच्या बांधकामाला त्यांनी हात लावला. एक माजी राष्ट्राध्यक्ष हातात थापी घेऊन उभा राहतो, ही गोष्ट लहान नाही. मदिन्याची मशीद बांधताना पैगंबरसाहेबांनी (स.) स्वतः विटा वाहिल्या, ही हकिकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. नेता आणि मजूर यांच्यातील अंतर मिटवण्याची ही जुनी रीत आहे.

पण येथे दोन शंका विचारायला हव्यात. पहिली अशी की, गरिबानेच घाम गाळून आपली लायकी का सिद्ध करावी? फ्लॅट विकत घेणाऱ्याला कुणी विटा वाहायला सांगत नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईवर आणखी श्रमांची अट लादणे हा न्याय नव्हे. आजारी, वृद्ध, अपंग माणसाने काय करावे? खालाने घमेले उचलले ते कुणाच्या अटीमुळे नव्हे. तिला ते घर आपले करायचे होते. तेव्हा श्रम हा तिचा अधिकार असू शकतो, तिच्यासाठी लावलेली परीक्षा असू नये.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. मळवलीत प्रश्न भिंतीचा होता. वाकोल्यात भिंती गरिबांनी आधीच उभ्या केल्या आहेत, वर्षानुवर्षे, एकेक पत्रा जोडून. या शहराचे टॉवर बांधणारा कडियाही अशाच वस्तीत राहतो. घर कसे बांधायचे हे त्याला कुणी शिकवायला नको. त्याच्याकडे नाही ती पायाखालची जमीन. मग स्वयंसेवकाने येथे नेमके काय उचलावे?

याचे उत्तर शोधणारी माणसे याच शहरात होती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण रीतसर सूचना देऊन त्यांना हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातील फुटपाथवासीयांची गणना केली. पुढे १९८६ मध्ये तिथल्या स्त्रियांची ‘महिला मिलन’ संघटना उभी राहिली. त्यांत मुस्लीम स्त्रियांची संख्या मोठी होती. जॉकिन अर्पुथम यांचे झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय संघटनही सोबत होते. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या स्त्रियांनी रोज थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. आपल्याला कसे घर हवे याचा विचार त्यांनी स्वतः केला आणि पुऱ्या मापाचा नमुना उभा करून पाहिला. खोलीची उंची चौदा फूट हवी, म्हणजे पोटमाळा निघतो, ही सूचना त्यांची. शिकलेल्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी घराचा नकाशा काढला नाही, तो काढायला त्यांच्याबरोबर बसले. पुढे मानखुर्दच्या मिलननगरमध्ये त्यांच्यातील अनेक कुटुंबांना हक्काचे घर मिळाले.

सोलापूरचे उदाहरण याहून मोठे आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. केंद्र, राज्य आणि कामगार यांच्या वाट्यातून कुंभारीला दहा हजार घरे उभी राहिली. गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेली ही वसाहत सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यात तेलुगूभाषक पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, दलित आहेत. एका भिंतीला दोन धर्मांची घरे लागून आहेत. आपल्याच जमातीसाठी वेगळी सोसायटी मागणाऱ्यांनी आणि आपल्या सोसायटीत मुसलमानाला घर नाकारणाऱ्यांनीही ही वसाहत एकदा पाहावी.

आमच्या शेजारच्या गोळीबार वस्तीनेही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्यानंतर ‘घर बचाओ, घर बनाओ’ आंदोलन उभे राहिले. मे २०११ मध्ये मेधा पाटकर गोळीबारमध्ये उपोषणाला बसल्या. १९९५ पासूनच्या पुनर्वसन योजनेत घर फुकट मिळते, पण ते कुठे, कसे आणि कधी उभे राहणार याचा निर्णय बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो. आमचा विकास आम्हालाच करू द्या, अशी तिथल्या रहिवाशांची मागणी होती. खालाच्या बोलण्यात आणि या मागणीत आम्हाला फरक दिसत नाही.

याचा अर्थ पत्रे वाटू नयेत असा नव्हे. पाऊस पडत असताना मालकीचा वाद घालणे हा निर्दयपणा आहे. आधी ताडपत्री टाकावी. पण ताडपत्री टाकली म्हणजे आपण घर दिले, असे मानू नये. वीट उचलणे सोपे आहे, त्यातून मनाला समाधानही मिळते. कागदपत्रे वाचून दाखवणे, भाडोत्र्याचे नाव नोंदीत यावे म्हणून मालकाशी वाईटपणा घेणे, वस्ती पाडायला यंत्रे येतील त्या सकाळी रस्त्यावर उभे राहणे, यातून कौतुक मिळत नाही. तरीही तमलीकची खरी वाट तिथूनच जाते.

त्या वर्षानंतरही आम्ही पावसाळ्यानंतर डागडुजीचे काम करीत आलो. एक बदल मात्र केला. यादीत आता ‘गरजू’ हा रकाना नाही. खोली कुणाच्या नावावर आहे आणि दुरुस्तीनंतर तिथे कोण राहणार, हे दोन प्रश्न आहेत. मालक भाडोत्री असलेल्या खोलीला हात लावायला सांगतो, तेव्हा ठरावीक वर्षे भाडे वाढवणार नाही असे त्याच्याकडून चारचौघांत लिहून घेतो. काही मालक लिहून देतात, काही देत नाहीत. काही वेळा लिहून दिलेलेही पाळले जात नाही. या कागदाने जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हे आम्ही जाणतो.

खाला मुंब्र्याला गेली त्या दिवशी आम्ही तिचे सामान टेंपोत चढवायला गेलो होतो. तिने नेहमीप्रमाणे आम्हाला दुआ दिली. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. निघताना तिने मागे जाऊन त्या भिंतीवर एकदा हात फिरवला. ती भिंत आजही उभी आहे. त्या गल्लीतून जाताना आम्ही तिच्याकडे पाहतो आणि आपले देणे अजून बाकी आहे, हे स्वतःला आठवण करून देतो.