उतारवयातील विसावा

आमच्या एका खेडेगावच्या मंडळीत गेल्या उन्हाळ्यात एक लहानसा वाद उत्पन्न झाला. वादाचे कारण क्षुल्लक दिसते, तथापि त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो क्षुल्लक नाही. म्हणून तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातील, एका शाळेत सारा जन्म शिकवून सेवानिवृत्त झालेले एक वृद्ध गुरुजी आपल्या पत्नीस घेऊन मुंबईस गेले. चिंचपोकळीस त्यांचा धाकटा मुलगा एका चाळीत राहतो. त्याच्या घरी कोणी आजारी नव्हते, लग्न अथवा बाळंतपण नव्हते. ही उभयता केवळ मुंबई पाहावी, हिंडावे आणि दोन घास बाहेर सुखाने खावेत एवढ्याच हेतूने गेली व आठ दिवस राहून परत आली. परत आल्यावर गुरुजींनी उपासनेनंतर मोठ्या आनंदाने ही हकीकत सांगितली. तेव्हा काहींनी कौतुक केले. पण काहींनी तोंड वाकडे केले. एक वडील बंधू म्हणाले, "गुरुजी, आयुष्यभर आपण मुलांना काटकसर शिकवली. आता या वयात ही चैन कशाला?"

प्रश्न असा की, ज्याचा आयुष्यक्रम देवाच्या भयात गेला अशा मनुष्याने उतारवयात केवळ आनंदासाठी वेळ व पैसा खर्च करावा काय? की असा खर्च म्हणजे कारभाऱ्याने धन्याच्या ठेवीचा केलेला गैरवापर होय?

आक्षेप घेणाऱ्यांस आपण हलके लेखू नये. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, गावात विधवा व अनाथ असताना हॉटेलात दिलेला पैसा त्यांच्या तोंडचा आहे. दुसरे असे की, सेवानिवृत्ती सरकारी नोकरीतून मिळते, प्रभूच्या सेवेतून नव्हे. तिसरे असे की, वडिलांनी हिंडण्याफिरण्याचा कित्ता घातला तर तरुण तोच गिरवतील. शिवाय लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील तो धनवान शेतकरी सर्वांच्या ध्यानात आहेच. कोठारे मोठी बांधून आता खावे, प्यावे, आराम करावा असे त्याने ठरविले, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागण्यात आला.

मी स्वतः प्रथम याच मताकडे झुकलो होतो. पण ही मंडळी ज्या जागी जाऊन राहिली त्या जागेचा मी जसजसा विचार केला, तसतसे माझे मत पालटत गेले.

चिंचपोकळी हे भायखळा व करी रोड यांच्या मधले रेल्वेचे स्थानक. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत, परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ तो सारा मुलूख गिरण्यांच्या भोंग्यावर उठत व निजत असे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली, आणि पुढे घाटावरून व कोकणातून हजारो माणसे या भागात कामास आली. आरंभी त्या कामगारांस आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती मिळावी म्हणून झटणारा पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातील हे गृहस्थ 'दीनबंधु' पत्र चालवीत, आणि १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० सालच्या एप्रिल महिन्यात सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

वाचकहो, या गोष्टीत आपणांस लाज वाटावी असेही काही आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ साली आले. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण तेव्हापासून या देशात वाचून दाखवीत आलो. परंतु ती आज्ञा गिरणीच्या दाराशी नेऊन मजुराच्या पदरात टाकण्याचे काम जो आपल्या मंडळीतला नव्हता अशा एका मनुष्याने केले. आपण ती उपासनेचा नियम म्हणून शिकविली. त्याने ती थकलेल्याचा हक्क म्हणून मागितली. आणि निर्गम व अनुवाद या दोन्ही पुस्तकांत ती आज्ञा पुन्हा वाचली असता दिसते की, दोन्ही अर्थ तीत आहेत. चाकर, मोलकरीण, बैल, गाढव, वेशीच्या आत आलेला परका, या सर्वांस विश्रांती मिळावी असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा विसावा हा श्रमांती उरलेला चोथा नव्हे. तो देवाने श्रमाइतकाच नेमून दिलेला भाग आहे.

त्या आज्ञेतील नावे मी पुन्हा एकदा मोजली. मुलगा आहे, मुलगी आहे, नोकरचाकर आहेत, जनावरेसुद्धा आहेत. एक नाव मात्र वेगळे घेतलेले नाही, आणि ते म्हणजे पत्नीचे. विद्वान लोक सांगतात की, ती घरधन्याबरोबरच धरलेली आहे. त्याला जे सांगितले ते दोघांस सांगितले. अर्थ खरा आहे. पण आपल्या घरांत काय घडते? रविवारी सकाळी आपण स्वच्छ कपडे घालून उपासनेस बसतो. त्या वेळी चूल कोणी पेटविलेली असते? उपदेशक पाहुणा आला की भाकऱ्या कोण थापते? गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले, त्यांना हार घातला, भाषणे झाली. त्यांच्या पत्नीच्या सेवानिवृत्तीचा दिवस कोणत्या कॅलेंडरात आहे? दुसऱ्या दिवशी पहाटे ती पूर्वीसारखीच उठली, आणि पूर्वी जो मनुष्य दहा वाजता शाळेस जाई तो आता घरीच असल्यामुळे तिला दोन वेळचा चहा अधिक करावा लागला.

म्हणून त्या आठ दिवसांत काय काय घडले हे मी गुरुजींस नव्हे, तर त्या माउलीस विचारले. तिने सांगितले ते थोडक्यात असे. चिंचपोकळीहून पायी पायी भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. तेथे घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती पाहिला. शेजारच्या, १८७२ साली उघडलेल्या संग्रहालयात निरनिराळ्या धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या मूर्ती पाहिल्या. एके दिवशी आगगाडीने बोरीबंदरास जाऊन तेथून गेटवेला गेलो, आणि तेथे समुद्र पाहिला. साठीच्या पुढे गेलेल्या त्या बाईने समुद्र प्रथमच पाहिला. ती म्हणाली, "स्तोत्रांत समुद्राचे नाव कितीदा म्हटले, पण तो एवढा मोठा असेल असे वाटले नव्हते." एका इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलापाशी बसून मस्का-पाव व चहा घेतला. आणि लालबागच्या एका खानावळीत दुपारी मासळीचे जेवण जेवलो.

त्या खानावळीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांस जेवू घालणाऱ्या बायांचा एक मोठा वर्गच होता. त्यांच्यापैकी कितीकांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टास काही नाव मिळाले. अशा परंपरेच्या गावात आमची ही भगिनी पाटावर नव्हे, खुर्चीवर बसली, आणि तिच्यापुढे कोणीतरी वाढलेले ताट आले. ती मला म्हणाली, "आयते ताट पुढे आले ते लग्नाच्या दिवशी, आणि त्यानंतर त्या दिवशी." पहिला घास घेण्याआधी तिने वाढणाऱ्या बाईस विचारले, "बाई, तुमचे जेवण झाले का?" ती बाई क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "आमचे चार वाजता."

माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल या एका प्रश्नात आहे. आनंद शुद्ध की अशुद्ध हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. तो मनुष्याचे अंतःकरण रुंद करतो की अरुंद करतो, यावरून ठरते. जे ताट पुढे आल्यावर वाढणारीची आठवण होते, ते ताट उपकारस्तुतीचे होय. जे ताट पुढे आल्यावर वाढणारी दिसेनाशी होते, ते घरचे साधे पिठले असले तरी चैनच होय.

आता त्या धनवान शेतकऱ्याकडे वळू. त्याचा दोष खाण्यापिण्यात होता काय? तसे असते तर काना गावच्या लग्नास प्रभू गेलाच नसता. त्या दाखल्यात तो मनुष्य कोणाशी बोलतो ते पाहावे. तो केवळ आपल्याशीच बोलतो. त्याच्या पंक्तीस पत्नी नाही, शेजारी नाही, चाकर नाही. दुसरे असे की, पुष्कळ वर्षे आपल्या हातात आहेत असे त्याने गृहीत धरले. आणि येथेच आपण काटकसरी लोकांनी सावध व्हावे. 'पुढच्या वर्षी जाऊ, मुलीचे लग्न उरकले की जाऊ, घराचे पत्रे बदलले की जाऊ' असे जो म्हणतो, तोही पुष्कळ वर्षे आपल्या मालकीची समजतो. कोठारे बांधणारा आणि सहल पुढे ढकलणारा हे दोघे एकाच चुकीचे दोन भाऊ आहेत. हे मी कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याही घरी अशी एक सहल ठरलेली होती. ती तीन वेळा पुढे ढकलली. आता पैसे आहेत, सवडही आहे, पण जिच्याबरोबर जावयाचे होते ती राहिली नाही.

गरिबांविषयीच्या आक्षेपास मात्र सरळ उत्तर दिले पाहिजे. बेथानीस मरियेने मौल्यवान तेल ओतले तेव्हा हाच आक्षेप घेण्यात आला होता, हे खरे. परंतु ते तेल प्रभूसाठी होते, म्हणून तो दाखला येथे पूर्णपणे लागू करता येत नाही. तथापि गुरुजींनी आपला दशमांश आधी बाजूस काढला होता, कोणाचे देणे ठेवले नव्हते, मुलांपुढे हात पसरला नव्हता. उरलेल्यातून त्यांनी जो खर्च केला तो पत्नीवर केला. चाळीस वर्षांचे ऋण फेडणे यास चैन म्हणणे न्यायाचे नाही.

ही उभयता एके दिवशी परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या गावच्या एका रोग्यास भेटून आली. हे ऐकून आक्षेप घेणारे बंधू म्हणाले, "मग सहल सार्थकी लागली." भेट चांगली झाली, पण सहलीस त्या भेटीच्या आधाराची गरज होती असे मी मानीत नाही. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य थकून आले, त्यांना जेवावयासही सवड नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांस एकांतात विसाव्यासाठी नेले. पुढे लोक आले आणि त्याने त्यांस जेवू घातले, ही गोष्ट निराळी; पण नेले ते विसाव्यासाठीच.

शेवटी ज्यांच्या वाट्यास असा विसावा येत नाही त्यांची आठवण ठेवल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी याच गिरणगावात सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. कितीकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांस ना सेवानिवृत्तीचा समारंभ मिळाला ना सुट्टी. भविष्यनिर्वाह योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना १००० रुपये ठरविण्यात आले. तेवढ्यात कोणी कोठे हिंडावे? आणि आगगाडीत वृद्धांस मिळणारी तिकिटाची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणून आपले सुख हे आपल्या पुण्याईचे फळ आहे असे कोणी समजू नये.

तरी आपणांस काही करता येण्याजोगे आहे. एस. टी.त पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळू लागला, आणि स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. ही माहिती प्रत्येक मंडळीत वाचून दाखवावी. ज्यांचे मुंबईस घर आहे त्यांनी आपल्याच आईबापांस नव्हे, तर गावच्या एखाद्या एकट्या विधवेसही चार दिवस बोलवावे. जाणाऱ्या जोडप्याने शेजारच्या वृद्धेस बरोबर घ्यावे. आणि ज्या नवऱ्यास कोठेच जाता येत नाही, त्याने निदान एका रविवारी स्वतः चूल पेटवावी, ताट वाढावे, आणि पत्नी जेवीत असता शेजारी बसावे. त्यास तिकीट लागत नाही.

गुरुजींच्या पत्नीस मी निघताना विचारले, "पुन्हा जाल काय?" ती म्हणाली, "देवाची इच्छा असेल तर समुद्र पुन्हा पाहीन. पण त्या खानावळीतल्या बाईला एकदा आमच्याकडे जेवावयास बोलवायचे राहिले." देव करो आणि आपल्या सर्वांच्या सहलींतून अशीच आमंत्रणे निघोत.