फेरीची बाकी

धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी कुरण. डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही नऊ जण तिथं पन्नास किलोमीटर पळायला जमलो. फलक नाही, पदक नाही. पाच किलोमीटरची पायवाट, तिच्या दहा फेऱ्या. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढं पळालं की अल्ट्रा म्हणतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पारा सात अंशांवर होता.

दुसऱ्या फेरीत एका गुराखी आजोबांनी विचारलं, "काय भाऊ, घानाना बैलना मायक काय फिरी ऱ्हायना?"

प्रश्न मनापासून विचारलेला होता. तो दिवसभर माझ्याबरोबर पळाला.

घाण्याच्या बैलाला झापड बांधतात. आपण त्याच त्या जागी फिरतो आहोत, हे त्याला कळू नये म्हणून. आमचे डोळे उघडे होते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते; गार झालेली हवा जड होते आणि उतारानं ओहोळाच्या घळीत येऊन साचते. पहिल्या फेरीत त्या घळीत उतरलो, तेव्हा छातीभर पाण्यात शिरल्यासारखं झालं. हात आपोआप काखेत गेले. वीस पावलं चढून वर आलो, तर हवा निराळी.

त्याच रात्री यावलकडे माझे काका केळीच्या बागेत जागे होते. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ अडते. मग बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि बागेला रात्रीच पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तेही बागेभोवती फेऱ्याच घालत होते. कुठल्या कोपऱ्यात थंडी आधी बसते, हे त्यांना अशा फेऱ्यांनीच शिकवलं आहे.

फेरीचं खरं अवघडपण मात्र घळीत नाही, फेरी जिथं संपते त्या ठिय्यावर आहे. तिथं घोंगडी होती, चहा होता, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, कळण्याची भाकरी आणि काकांच्याच बागेतली केळी. थांबलं की घामानं भिजलेला सदरा दोन मिनिटांत अंगाला बर्फासारखा चिकटतो. लांबच्या सरळ वाटेवर थकलेल्यालाही मुक्कामापर्यंत जावंच लागतं. इथं दर पाच किलोमीटरला घरी जायची मुभा समोर उभी. अमेरिकेतल्या टेनेसीत २०११पासून एक शर्यत होते. दर तासाला ६.७०६ किलोमीटरची एक फेरी, शेवटचा एकच माणूस उरेपर्यंत. चोवीस तासांत शंभर मैल भरतात. तिथंही माणूस बहुधा वाटेत हरत नाही, खुर्चीतून उठताना हरतो.

सहाव्या फेरीत मला पाटण आठवलं. चाळीसगावजवळच्या या गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. १२०७ सालचा शिलालेख तसं सांगतो. त्या आजोबांच्या बीजगणितात चक्रवाल नावाची रीत आहे. चक्रवाल म्हणजे वर्तुळ. एका वर्गाला ६१नं गुणून एक मिळवला, तर पुन्हा वर्गच यावा. असे आकडे कोणते? सुरुवात ढोबळ करायची: आठाचा वर्ग ६४, म्हणजे ६१पेक्षा तीन जास्त. ही तीनाची चूक टाकायची नाही, तीच पुढच्या फेरीत घालायची. पुढच्या फेरीत ३९चा वर्ग १५२१ येतो आणि पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. आता चार कमी. चूक वाढलीच की! तरी फिरत राहायचं. शेवटी उत्तर येतं: २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञानं १६५७मध्ये आपल्या समकालीनांना नेमका हाच ६१चा प्रश्न घातला होता, भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी.

माझीही सहावी फेरी पाचवीपेक्षा वाईट गेली. गुडघा आखडला होता, पाणी प्यायचं राहून गेलं होतं. थंडीत तहान सांगून येत नाही. सातव्या फेरीला निघताना ते दोन्ही बरोबर घेतलं: चढावर चाललो, ओहोळापाशी थांबून पाणी प्यालो.

दहाव्या फेरीत आजोबा पुन्हा भेटले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, गाय बाजूला घेऊन वाट दिली. घळीत ऊन उतरलं होतं. सकाळी जिथं हात काखेत गेले होते, तिथं मी कानटोपी काढून खिशात घातली.