उंबऱ्यावर हिशेब नको



आषाढी जवळ आली की आपल्या सगळ्यांचे मन जाण्याकडे लागते. प्रस्थान कधी, रिंगण कुठे, मुक्काम कोणता, हीच बोलणी घरोघर चालतात. परतीचे कोणी बोलत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, प्रसाद मुखी पडतो आणि पालख्या माघारी फिरतात. जाताना लाखांचा मेळा. येताना पादुकांसोबत मोजकी मंडळी. जाताना दारोदार रांगोळ्या. येताना तीच वाट मोकळी. तरी परत आल्यावाचून वारी पुरी होत नाही. ‘वारी’ या शब्दातच येरझार आहे. जो गेला आणि आला, तो वारकरी.

आज चिंतनाला घेतो ती परतवाट मात्र पंढरीची नव्हे, पुण्याची आहे. आपल्या गावांतली मुलेमुली स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातात. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागात चौघे-पाचजण मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात. मेसचा डबा, अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि भिंतीला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा, एवढ्यावर चार-पाच वर्षे काढतात. आधी पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग मुलाखत. जागा शेकड्यांनी आणि अर्ज लाखांनी. ज्याला दोन आकडे जोडता येतात त्याला कळेल की यातल्या बहुतेकांना एक दिवस निवड न होताच खोली सोडावी लागणार. हा त्यांचा दोष नाही, ते गणितच तसे आहे.

तो खोली सोडण्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पुस्तकांपैकी काही मागून आलेल्याला दिली, बाकीची रद्दीत किलोवर गेली. गादी गुंडाळली. भिंतीवरचा नकाशा काढला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे डाग राहिले. मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापून घेतले. किल्ली दिली. आता खांद्यावर एक बॅग, हातात एक पिशवी आणि मनात एक प्रश्न: घरी गेल्यावर काय सांगू?

त्या प्रश्नाचे ओझे सामानाहून जड असते. कित्येक मुले या एकाच प्रश्नापायी खोली सोडत नाहीत. अभ्यास संपला आहे, उमेद संपली आहे, तरी उसने पैसे काढून आणखी एक वर्ष काढतात. काहीजण घरचा फोन उचलत नाहीत. काहींच्या मनात याहून वाईट विचार येतात, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि हळहळतो. म्हणून हा विषय लहान समजू नये. जो निघाला, झटला आणि पोहोचला नाही, त्याने परत यावे कसे आणि आपण त्याला घ्यावे कसे, हा धर्माचा प्रश्न आहे.

हाच प्रश्न अर्जुनाने विचारला आहे. गीतेचा सहावा अध्याय पाहा. भगवंताने योगाचा मार्ग सांगितला. माउलींनी तर त्यावर ज्ञानेश्वरीत कुंडलिनीपर्यंतचे सगळे निरूपण केले. सारे ऐकून झाल्यावर अर्जुनाला शंका आली. श्रद्धेने वाटेला लागला, पण शेवटपर्यंत पोहोचला नाही, अशा माणसाचे काय होते? मागचा संसार सुटला, पुढचे हाती आले नाही. वाऱ्याने फाटलेला ढग ना इकडच्या ढगात मिळतो ना तिकडच्या, आणि आकाशातच विरून जातो, तसे तर त्याचे होत नाही ना? अर्जुनाने ही शंका श्रीमंत, विजयी माणसाबद्दल विचारली नाही. अर्ध्या वाटेवर राहिलेल्याबद्दल विचारली. किती करुणेचा प्रश्न आहे हा!

आता उत्तर पाहा. उत्तर देताना भगवंत अर्जुनाला ‘तात’ म्हणतात. त्याला पार्थही म्हटले आहे, पण इथे हा लेकराला जवळ घेण्याचा शब्द मुद्दाम आला आहे. आधी जवळ घेणे, मग सांगणे. आणि सांगणे काय, तर चांगल्या वाटेने चाललेल्याची दुर्गती होत नाही. मग त्या अपुऱ्या राहिलेल्याला मिळते काय? पुण्यलोकांचा वास सरल्यावर त्याला शुद्ध आणि संपन्न माणसांच्या घरी किंवा योग्यांच्या कुळात जन्म मिळतो आणि त्याचा राहिलेला अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. वाचकहो, इथे थांबून विचार करा. वाट अर्धी राहिलेल्याला भगवंत घर देतो. ज्या घरी त्याचे मागचे कष्ट वाया गेले असे कोणी म्हणणार नाही, असे घर देतो.

आता कोणी पूर्वपक्ष करील: “महाराज, योग कुठे आणि परीक्षा कुठे? एक मोक्षासाठी, एक नोकरीसाठी.” खरे आहे. परीक्षेला मी योग म्हणत नाही. पण पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत एका जागी बसणे, सणवार सोडणे, एका भाजीवर दिवस काढणे, मन आवरणे, हे कष्ट तर खरे आहेत ना? जो भगवंत योगभ्रष्टाचा अभ्यास वाया जाऊ देत नाही, तो या लेकराचा जाऊ देईल काय?

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. “बापाने जमीन गहाण ठेवून पैसे पाठवले. आईने दागिने मोडले. त्याचा हिशेब विचारायचाच नाही?” विचारायचा. कर्ज हे कर्जच आहे, भजनाने ते फिटत नाही. पण हिशेब दोन प्रकारचे असतात, पैशाचा आणि माणसाचा. पैशाचा हिशेब घरातल्यांनी एकत्र बसून करावा: देणे किती, काम कोणते, फेडायचे कसे. आठ दिवसांनी करावा, जेवणे झाल्यावर करावा. माणसाचा हिशेब, म्हणजे तू किमतीचा की बिनकिमतीचा, हा विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपण चुकतो ते असे, की पैशाच्या हिशेबाच्या आडून माणसाचाच हिशेब मांडतो, आणि तोही उंबऱ्यावर, त्याच्या खांद्यावरची बॅग उतरायच्या आत.

आपल्या संप्रदायाची रीत आठवा. आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांबते की अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते नामदेव पायरीला माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. असा वारकरी गावी आला तर त्याच्या पायावर पाणी घालताना कोणी विचारते काय, “देवाचे पाय हाती लागले का? नाही? मग कशाला गेलास?” कोणी विचारत नाही. बुक्का लावून घेतात, लाह्या-बत्ताशांचा प्रसाद मागतात, त्याच्या पायांवर डोके ठेवतात. चाललेल्या पायांचा मान आहे तो. मग तोच गाव, तीच माणसे, पुण्याहून आलेल्या पोराला पारावर गाठून “झालं का काही?” असे कसे विचारतात?

आणि शिकलेले खरेच वाया जाते काय? आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मधुकरी मागून, वाट्याला येईल ते खाऊन मुले ज्ञानेश्वरी, गाथा शिकली. त्यांतला प्रत्येकजण नामवंत कीर्तनकार झाला नाही. पुष्कळजण परत जाऊन नांगराला लागले. पण गावातली काकड आरती, संध्याकाळचा हरिपाठ, सप्ताहाचे पारायण चालते ते अशाच परत आलेल्यांच्या बळावर. सगळेच फडावर उभे राहिले असते तर टाळ कोणी धरला असता?

तसेच हे. कायदा वाचलेला, जमिनीचे नियम ठाऊक असलेला, अर्ज लिहिता येणारा एक मुलगा गावात परत येतो, तेव्हा गावाची तूट होते की भर पडते, याचा विचार आपणच करावा.

आता परतणाऱ्या लेकरांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. दिंडी मुक्काम हलवते तेव्हा ज्याच्या रानात राहुट्या पडल्या त्याचे रान झाडून निघावे, कोणाचे देणे मागे ठेवू नये, ही रीत. खोलीही तशीच सोडा. मेसवाल्या मावशींचे पैसे बाकी असतील तर द्या. आज नसतील तर कधी देणार ते तोंडावर सांगून या. मागे राहिलेल्या मित्रांवर आपल्या वाट्याचे भाडे, लाईटबिल टाकू नका. चार गावांचे चार चिवडे, चटण्या एका ताटात कालवून तुम्ही रोजचा कालाच केला. त्या सोबत्यांना न सांगता पहाटे निघून जाऊ नका. आणि घरी खरे सांगा. “अजून एक निकाल यायचा आहे” असे खोटे सांगून घेतलेला महिना पुढच्या महिन्याला आणखी जड होतो. रात्रीच्या गाडीने तोंड लपवून येऊ नका, उजेडी या. तुम्ही चोरी केलेली नाही.

घरच्या माउलींना सांगणे इतकेच. दारात आल्यावर आधी पाणी द्या, मग जेवायला वाढा. शेजाऱ्यांनी विचारले तर “आलाय घरी” एवढे उत्तर पुरे आहे. लेक परत आली असेल तर “आता हिचे उरकून टाका” हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारू नये; तिने सोडली आहे ती खोली, आपली बुद्धी नव्हे. आणि संध्याकाळी हरिपाठाला निघाल तेव्हा त्याला, तिला हाक मारा. टाळ हातात द्या. देवळातल्या रांगेत कोणी अधिकारी नसतो आणि कोणी नापास नसतो, दोन्ही बाजूंना उभे असतात ते टाळकरी.

पुंडलिकाने विटेवर उभे केलेला आपला देव कोण आले, काय मिळवून आले, हे पाहत बसलेला नाही. तो येणाऱ्यांची वाट पाहत उभा आहे. त्याचे भक्त म्हणवणाऱ्यांच्या दारात तेवढे तरी घडावे.

रामकृष्ण हरी.