बंध, बंद आणि उघाडी

वारकरी बंधूंनो, “बंद” हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! दार बंद, दुकान बंद, बोलणं बंद. पण मुळाशी जाऊन पाहिलं तर या शब्दाचा पहिला अर्थ अडवणं नव्हे, बांधणं असा आहे. “बंद” मराठीत आला फारशीतून, आणि आपला “बंध” संस्कृत बन्ध् धातूचा. या दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, म्हणून हे शब्द सख्खे भाऊच म्हणायचे. बाराबंदीचे बंद, शेताचा बांध, ओढ्यावरचा बंधारा, संबंध, बंदिवान, ही सारी एकाच घरची लेकरं. इतकंच काय, आरंभी ज्या शब्दानं आपणांस हाक मारली तो “बंधू”देखील त्यांतलाच. स्नेहानं बांधला गेला तो बंधू.

मग ज्या मुळातून बंधू निघाला, त्यातूनच बंदीही निघाली. चांगला बंध कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखावं कसं?

याचं उत्तर वसईकडच्या खाजणांत मिळतं. उमेळे ज्या वसई तालुक्यात आहे, त्याच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. खाडीकाठच्या शेतात खारं पाणी शिरलं की भात गेलं. म्हणून बांध घालावा लागतो. पण शहाणा शेतकरी नुसता बांध घालून थांबत नाही, त्यात उघाडी ठेवतो. भरतीच्या पाण्याच्या दाबानं तिची झडप मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पाण्याला वाट राहिली नाही तर काय होतं, हे वसई-विरारकरांनी २०१८ च्या जुलैत पाहिलं आहे. पाणी तुंबलं, रेल्वेसुद्धा थांबली.

तेव्हा कोणत्याही बंदला दोन प्रश्न विचारावेत. तू राखतोस काय? आणि तुझी उघाडी कुठे आहे?

हेच प्रश्न पंढरीच्या दाराला विचारून पहा. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. त्यांच्या जातीच्या भाविकांना पुढे शतकानुशतकं आत वाट नव्हती. त्या बंदीनं देवाचं काय राखलं? काही नाही. आणि उघाडी तर नव्हतीच. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, तेव्हा १० मे रोजी दार उघडण्याचं ठरलं. पुढे मार्च २०२० मध्ये साथीमुळे तेच मंदिर पुन्हा बंद झालं. आषाढीला पादुका एस्.टी.नं गेल्या. आपल्या जिवाला ते फार लागलं. पण तो बंद सर्वांना सारखा होता, माणसांचे प्राण राखण्यासाठी होता, आणि नोव्हेंबरात दार उघडलंही. दार तेच, पण पहिली बंदी, दुसरा बांध.

आता आपल्या घरात पाहू. शेताच्या हातभर बांधावरून दोन बंधूंचं बोलणं बंद होतं, आणि दोघेही माळ घालून एकाच दिंडीत चालतात! बांध जरूर राखावा; हक्काची जमीन सोडा असं कोणी म्हणत नाही. पण बोलण्याची उघाडी कशासाठी बुजवायची? ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभं राहून विनवायला मुक्ताई होती. आपल्या घरी भावाच्या दारापुढे आधी कोण उभं राहणार?